दानियल मास्तरांची विलायत

मिशनच्या शाळेत मी घंटा वाजवायचो. दुसरं काय येत न्हवतं म्हनून घंटा. आन ती बी धड येत न्हवती. शाळा भरायच्या वक्ताला एकदा सुटायची घंटा दिली, तर निम्मी पोरं घरला पळाली आन ती गोळा करून आनायला मलाच धाडलं. पोरं शेतातनं, मी त्येंच्या मागं, आन माज्या मागं कुनाचं तरी कुत्रं.

पर त्या घंटेपायी एक झालं. माजी बसायची जागा दानियल मास्तरांच्या वर्गाच्या उंबऱ्यावर हुती. त्यामुळं ज्या मानसाला सोताचं नाव काढता येत न्हाई, त्येला विलायतेतलं कुठलं झाड कसल्या भुईत उगवतं ते आजबी पाठ हाय. ह्या विद्येवर माजी एक शेळीसुदा कधी चरली न्हाई. तरी पाठ हाय.

शाळा नगरकडनं जाताना तिसगावच्या अलीकडं, माळावर. चहूकडं कुसळं आन तरवड. पाऊस आमच्याकडं रुसलेल्या जावयावानी, आला तर आला. पर मास्तरांच्या काखेत छत्री बारमाही. मानूस उंच, वाळका, काळा कोट उन्हानं इटकरी झालेला. चालता चालता मधीच थांबायचे, खाली वाकायचे आन एकाद्या रोपाला इचारायचे, "तू हितं का?" अगदी घरच्या मानसाला इचारावं तसं. मग भवतालची माती चिमटीत घ्यायचे, चोळायचे, मान हालवायचे आन म्होरं जायचे. नवीन मानूस बघितला तर वाटायचं, मास्तरांचं डोस्कं फिरलंय. जुन्यांना ठावं हुतं की तसं काय न्हाई. मी तर म्हनायचो, मास्तर रोपाला तरी इचारत्यात, मी हितं का ते मला आजवर कुनी इचारलं न्हाई.

शाळा काढनारा जुना गोरा साहेब म्हातारा हून आपल्या देसाला गेला, तवा जाताना मास्तरांना एक पुस्तक दिऊन गेला. विलायतेच्या झाडांचं, रंगीत चित्रांचं. हात धुतल्याबिगार मास्तर त्येला शिवायचे न्हाईत. आन दर वरसाला पोरांना त्येच पुस्तक शिकवायचे. मूर म्हंजे थंड, ओलसर, उघडा माळ, तिथं हेदर. उतारावर, कोरड्या खोल मातीत ब्रॅकन. चुनखडीवर बीच. रानातल्या सावलीत ब्लूबेल. समिंदराच्या खडकावर सी-पिंक. मास्तरांनी ह्यातलं एक बी डोळ्यानं बघितलं न्हवतं. पुन्याच्या पलीकडं ते कधी गेलेच न्हवते.

एकदा एका पोराचा बाप, गावचा पाटील, चांगला बागाइतदार, दारात यिऊन म्हनला, "मास्तर, ती साहेबाची झुडपं काय करायची आमच्या पोरांला? बाजरी शिकवा की."

मास्तर म्हनले, "बाजरी तुम्ही शिकवता ना घरी? मी जमीन ओळखायला शिकवतो. जमीन बोलत नाही पाटील, पण काही लपवत पण नाही. अंगावर काय उगवलंय ते बघायचं."

"मग हितल्या जमिनीचं शिकवा."

"हितलं पुस्तक मला कुणी दिलं नाही."

पाटील माज्याकडं बघून म्हनला, "ह्यो बी तेच शिकतो का?" मी म्हनलं, "व्हय. ह्या वरसाला बी नापासच हाय."

शनवारी मास्तर आंगनात फक्कीनं विलायत आखायचे. हितं मूर, हितं रान, हितं समिंदर. पोरांना झाडं करून ज्याच्या त्याच्या जागी उभं करायचे. कुनी हेदर, कुनी ब्लूबेल. रानात एक थोरलं ओकचं झाड लागायचं, ते मी. जाडी बघून निवडलं हुतं. मी हात पसरून उभा ऱ्हायचो, पोरं हातावर दप्तरं अडकवायची, आन मला उभ्या उभ्या झोप लागायची. एकदा ओक घोरतोय बघून मास्तर म्हनले, "राहू द्या. हिवाळ्यात झाडं झोपतातच."

नाताळाला नगरच्या छावनीतनं एक गोरा शिपाई प्रार्थनेला आल्ता. कवळं पोरगं, कान तांबडेलाल. मास्तरांनी त्येला गाठलं, पुस्तक म्होरं धरलं आन विंग्रजीत इचारलं, हेदर हातात घेतल्यावर कसं लागतं? पोरगं गडबडलं. लाजलं. मग काय तरी बोललं. मास्तर पुस्तक मिटून परत आले.

"काय म्हनला?" मी इचारलं.

"तो शहरातला आहे. त्याच्या गल्लीत झाड नाही. त्यानं पण चित्रातच बघितलंय." मास्तरांनी पुस्तकावरनं हात फिरवला. "गरीब बिचारा."

मी हसलो. मास्तर न्हाई हसले. त्येंना त्या पोराची खरंच कीव आल्ती.

मास्तरांच्या मंडळी रूथबाई, आमी मास्तरीनबाई म्हनायचो. प्रवरेकाठच्या, देवळालीकडच्या. बोलायला फटकळ, रागाला तिखाट, पर जेवल्याबिगार कुनाला हालू द्यायच्या न्हाईत. दोघांना एकच ल्योक, शांतवन. बापाच्या वर्गात पैल्या रांगेत बसायचा आन बापाच्या छडीचा पैला मान बी त्येचाच. सुटी लागली की आजोळी, नदीवर. उन्हानं काळा हून यायचा आन माज्या हातातला हातोडा हिसकून घंटा वाजवायचा. माज्यापरास बरी वाजवायचा.

लढाई लागली तवा शांतवन नगरला खेचरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायला लागलेला. तिथनं त्येला खेचरांच्या पलटनीसंगं दर्यापार धाडलं. पलटन सगळी पंजाबी, मराठी बोलनारं हाताच्या बोटावर मोजन्याइतकं. आन फिरत फिरत ही पलटन गेली कुठं, तर विलायतेला. ही खबर आली त्या दिशी मास्तर वर्गात शिरले ते कोटाची गुंडी खालवर लावून. म्हनले, "मुलांनो, आपला शांतवन मूर बघणार."

मास्तरीनबाई घरात रडत हुत्या. म्हनल्या, "लढाईवर गेलंय पोरगं, आन तुमी जत्रंला धाडल्यावानी हसताय व्हय?"

पत्रं यायची, पर कुठं हाय ते लिवायची बंदी. लिवलंच तर वर काळं फासलेलं. एका पाकिटात मातूर एक वाळकी काडी आली. बारीक पानं, वर जांभळट कोंड्यावानी फुलं. मास्तरांनी ती तळव्यावर घेतली आन उजेडाकडं धरून बघत ऱ्हायले. सगळी पोरं भवती.

एक बारकं पोरगं म्हनलं, "मास्तर, ह्ये तर केरसुनीच्या बुडख्यावानी दिसतंय."

"हेदर आहे," मास्तर म्हनले. मग हळूच, "एवढंसंच असतं होय?"

मी वास घ्यायला नाक म्होरं केलं. आन मला शिंक आली. माजी शिंक म्हंजे काय साधी न्हाई, बैल बुजत्यात. निम्मी विलायत उडाली. मास्तर गुडघ्यावर बसले आन भुईवरनं एक एक फूल येचलं. उठताना येवढंच म्हनले, "मूरवर आहे पोरगं. उंचावर आहे. बरी जागा आहे." घरी जाऊन मास्तरीनबाईंना तेच सांगितलं. त्येंनी इचारलं, "तिथं थंडी असंल का हो?" मास्तर म्हनले, "असेल. पण हेदरच्या जागी जमीन चांगली असते." त्या रातीला त्या घरात गोडाचं झालं. मला बी वाटीभर आलं, शिंकून सुदा.

त्येच्या म्होरल्या वरसाला तार आली. कामावर असताना अपघातानं मृत्यू. येवढंच. तिथंच पुरलं म्हनून मागनं कागद आला.

मास्तरीनबाई मास्तरांना इचारायच्या, "कसला अपघात? बाँब पडला का? खेचरानं लाथ घातली का? उंचावरनं पडलं का?" मास्तरांनी सायबांना लिवलं, वरच्या सायबांना लिवलं, त्येच्या बी वरच्याला लिवलं. जबाब त्योच, अपघातानं. आमच्यात मानूस गेलं की दारात बसून सांगायचं असतं, असं झालं, मग असं झालं, मग पानी मागितलं आन गेला. ऐकनारा रडतो, सांगनारा रडतो, आन दिस सरत्यात. ह्या दोघांना सांगायलाच काय न्हवतं. लोक यायचे, "कसं झालं?" म्हनायचे, आन दोघं एकमेकांकडं बघायची. पोरगं गेलं हे त्येंनी मानलं हुतं. पर कसं गेलं ते कळल्याबिगार त्या घरात ते मरतच न्हवतं. संध्याकाळच्याला मास्तरीनबाई कंदील पुसता पुसता थांबायच्या, "बुडून तर न्हाई ना गेलं?" मास्तर म्हनायचे, "छे. नदीकाठचं पोर बुडत नाही." मग त्या परत कंदील पुसायच्या.

लढाई सरल्यावर एक गडी शाळेचा रस्ता इचारत आला. बाबू त्येचं नाव. त्यो बी प्रवरेकडचाच, खोगिरं शिवायला त्याच पलटनीत हुता. वसरीत घोंगडी टाकून बसवला. मी पानी दिलं. मास्तर त्येच्या म्होरं बसले, मास्तरीनबाई आतल्या दाराला धरून उभ्या. मी निघालो, तर मास्तर म्हनले, "बस भिवा." मग बसलो, तोंडाला येनारं समदं आवरून.

बाबू म्हनला, "मास्तर, तुमचं पोरगं तिथं आमचा वाटाड्या हुतं. खरंच सांगतो. 'माजा बाप ह्याच झाडांचा मास्तर हाय' म्हनायचा. हितं ह्ये झाड हाय, म्हंजी खाली कोरडं हाय, राहुट्या हितं ठोका. तिथं लव्हाळ्यावानी दिसतंय, तिकडं खेचरं नेऊ नका. पैल्यांदा आमी हसलो. पर खरं निघायचं की वो! पंजाबी जमादार सुदा त्येलाच इचारायचा."

मास्तरांचं तोंड असं उजळलं की मला बघवंना.

"मग त्या दिशी धुकं पडलं," बाबू म्हनला. "डोंगरावरनं खेचरं खाली आनत हुतो. वाट घावंना. थांबत थांबत चाललोय, तर म्होरं धुक्यातनं पांढरे तुरे दिसले. रानभर, वाऱ्यावर डुलत्यात. शांतवन हसला. मला म्हनला, 'बाबू, आरं ही तर आपली प्रवरा! चल.' जमादार मागनं वरडला, थांब म्हनून. ह्यो म्हनला, 'माजी भुई हाय, मला ठावं हाय.' आन खेचराचा दोर धरून म्होरं गेला."

बाबूनं पान्याचा तांब्या बाजूला सारला.

"वरनं हिरवं मऊ हुतं, मास्तर. खाली बूडच न्हाई. खेचर आदी गेलं. दोर सोडला असता तर... पर त्येनं मनगटाला गुंडाळला हुता. आमी खोगिराचे पट्टे जोडून टाकले. एकदा पट्टा त्येच्या हाताला लागला बी. मग न्हाई. दुसऱ्या दिशी गळ टाकून काढला, तिथंच पुरला."

मास्तरांनी खाली बघूनच इचारलं, "एका काडीवर तुरा एक होता, की दोन-तीन लोंबत होते?"

"दोन-तीन. कापसाच्या बोंडावानी."

मास्तरांनी डोळे मिटले. आन मला कळलं. मला, ढ मानसाला! पुस्तकात त्येचं पान हाय. कॉटन ग्रास. दलदलीवरचं गवत. दर वरसाला मास्तर पोरांकडनं वरडून म्हनवून घ्यायचे, "पांढरा कापूस जिथं डुले, पाय तिथं ठेवू नये." आमच्याकडं दलदल कुनी बघितलीय? पोरं नुसती वरडायची. पैल्या रांगेतला शांतवन सगळ्यांत मोठ्यांदा.

तवर दारातनं आवाज आला. "मी शिकवलं त्येला."

मास्तरीनबाई खाली बसल्या हुत्या. प्रवरेकाठच्या मानसाला हे सांगाया लागत न्हाई, पर माळावरच्याला सांगतो. पावसाळा सरला की नदीची वाळू फसवी हुती, पाय ठेवला की गिळती. मधी मधी पांढऱ्या तुऱ्याचं उंच गवत असतंय, कसाड म्हनत्यात. त्येच्या मुळ्यांनी वाळू आवळून धरलेली असती. नदी उतरायची तर त्या तुऱ्यांच्या धरानं. गाड्या तशाच उतरत्यात, बायका, पोरं तशीच.

"बोट धरून शिकवलं," त्या म्हनल्या. "येवढासा हुता. पांढऱ्या तुऱ्यावर पाय दे, म्हनलं, तिथं नदी खात न्हाई. मीच सांगितलं. मी!" आन सोताच्या तोंडावर मारून घ्यायला लागल्या. बाबू उठला, काय करावं त्येला कळंना.

मास्तरांनी त्येंचे हात धरले. "रूथ. थांब. चूक माझी आहे. ऐक. त्या गवताचं पान पुस्तकात आहे. मी ते शिकवलं नाही कधी."

हात थांबले. "काय?"

"अवघड वाटलं. आपल्याकडं दलदल नाही, कुणाला कळणार, म्हणून सोडून दिलं. शिकवलं असतं तर पोरगं थांबलं असतं."

"सोडलं?"

"सोडलं."

"सारा जलम झाडं झाडं केली. जेवताना झाडं, देवळात झाडं. आन माज्या पोरापुरतं तेवढंच सोडलं?"

"होय."

त्या माज्याकडं वळल्या. "भिवा. तू उंबऱ्यात बसतोस. खरं का रं ह्ये?"

मास्तरांनी माज्याकडं बघितलं. उभ्या जलमात एकदाच मला एका सवालाचा खरा जबाब येत हुता, आन तवाच तोंड धरायची पाळी आली.

"मास्तरीनबाई," मी म्हनलं, "धडा सुरू झाला की मी झोपतो. साऱ्या गावाला ठावं हाय."

त्येंना पटलं. माज्याबद्दल असलं काय बी कुनालाबी पटतंय.

त्या दिसापासनं त्या मास्तरांशी बोलल्या न्हाईत. खुरपायला गेल्या, दळलं, प्रार्थनेला बसल्या, जेवल्या बी. पर मास्तरांशी शबूद न्हाई. जे काय असंल ते माज्यामार्फत. "भिवा, तुज्या मास्तरांना सांग, भाकरी झाकून ठिवलीय." मास्तर तिथंच हाताच्या अंतरावर. मी सांगायचो, "मास्तर, भाकरी झाकून ठिवलीय." मास्तर म्हनायचे, "बरं." मग मी वळून सांगायचो, "बरं म्हनत्यात." कालवनात मीठ जास्ती झालंय ते सुदा मीच सांगितलं, आन त्येच्या शिव्या बी मीच खाल्ल्या.

एकदा हिरीवर मी त्येंना इचारलं. "मास्तर, असं का केलंत?"

पोहरा वर वढता वढता ते म्हनले, "आपल्या हातानं पोर गेलं असं वाटलं असतं, तर ती चार दिवस जगली नसती भिवा. माझ्यावर चिडून जगेल. रागीट आहे ती." मग पोहरा कडेला ठिवला आन बसले. लई वाळले हुते. "तू कुठं बोलू नकोस."

"माजं कोन खरं मानतंय?"

"म्हणून तर त्या दिवशी तुला बसवून घेतलं की काय, कुणास ठाऊक," ते म्हनले. हसायला गेले, पर खोकलाच आला.

कॉटन ग्रासचं पान त्येंनी त्या दिसापासनं उघडलं न्हाई. तिथं आले की दोन पानं एकदम उलटायचे. मोठी पोरं कवाच शाळा सोडून गेली हुती, आन त्येंना बाराखडी ध्यानात असली तरी लई. नव्या पोरांना काय ठावं. मला वाटलं, झालं, मिटलं.

मग सायब लोकांचं जायचं ठरलं. तपासनीस आपलाच मानूस आला, खादीतला. त्येनं पुस्तक चाळलं आन चांगल्या तोंडानं म्हनला, "गुरुजी, आता हे पुरे. आता आपल्या रानातलं शिकवा." मास्तर म्हनले, "बरोबर आहे. उद्यापासून बंद करतो. आज एक धडा राहिलाय."

तपासनीस गेल्यावर त्येंनी हात धुतले, पुस्तक उघडलं आन ती दोन पानं उलटली न्हाईत. चित्र पोरांच्या म्होरं धरलं. "हे गवत कापसासारखं दिसतं," ते म्हनले. "आपल्या नदीतल्या गवतासारखं पण दिसतं. पण खाली जमीन नसते." नव्या पोरांना पैल्या दिशी शिकवावं तसं सावकास, एक एक गोष्ट सांगत गेले. वर किती ओलं असतं, खाली किती काळं पानी असतं, मानूस किती येळात खाली जातं. असं त्येंनी कधीच शिकवलं न्हवतं. आधी नुसतं वरडून घ्यायचे. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत हुती.

खिडकीत मास्तरीनबाई उभ्या हुत्या. मास्तर भाकरी न घेता आल्ते, ती फडक्यात बांधून आनली हुती. कवापासनं उभ्या हुत्या ते मला बी कळलं न्हाई, आन मी तर जागा हुतो.

मास्तरांनी त्येंना बघितलं आन थांबले.

"आता येतंय व्हय शिकवाय?" त्या म्हनल्या. माज्याकडं न्हाई. सरळ त्येंच्याकडं बघून.

मास्तर खिडकीपाशी गेले. मला वाटलं आता सांगत्यात. आता सगळं सांगत्यात, आन मी उंबऱ्यातनं अर्धा उठलो बी.

"होय," मास्तर म्हनले. "आता येतंय."

मास्तरीनबाईंनी फडकं खिडकीच्या पट्टीवर ठिवलं आन तरवडातनं घराकडं निघाल्या. ताठ चालत हुत्या. मास्तर त्या दिसेनाशा हुईस्तोवर बघत ऱ्हायले. मग पोरांकडं वळले, पुस्तक परत वर धरलं आन म्हनले, "मागच्या रांगेतल्यांना दिसलं का? नीट बघून घ्या."